सात ते चार

'सात ते चार' हे शीर्षक वाचून कोणाला बँकेच्या कामाची वेळ वाटली असेल, तर त्यानं एकदा बँकेत नोकरी करून पाहावी. हा हिशेब रांगोळीचा आहे. मधल्या ओळीत सात ठिपके, तिच्या वर आणि खाली सहा-सहा, मग पाच-पाच, मग चार-चार. आणि प्रत्येक ठिपका शेजारच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधल्या फटीसमोर. एकूण सदतीस. मी बी. कॉम. असल्यामुळे दोनदा बेरीज करून पाहिली आहे, ताळा जमतो. या सदतीस ठिपक्यांनी आमच्या घरात चित्रं काढायच्या एका ॲपचे जे हाल केले, आणि त्या ॲपनं आमचे जे केले, त्यावर हा अभिप्राय आहे.

अभिप्राय मी मागितल्याशिवाय देत नाही. ॲपनंच मागितला. एके दिवशी पडद्यावर चौकट आली, 'हे ॲप अधिक चांगले करण्यासाठी आपल्या सूचना कळवा.' आजवर माझ्याकडे सूचना कोणी मागितली नव्हती. बँकेत मागत नाहीत, घरी तर प्रश्नच नाही. मी हात धुऊन लिहायला बसलो. 'माझ्या आईचा डावा गुडघा' इथपर्यंत प्रस्तावना आली आणि चौकट भरली. पाचशे अक्षरांची मर्यादा! आमच्या बँकेच्या फॉर्मवरही 'सविस्तर कारण' या शब्दांपुढे दीड इंच जागा असते, पण तिथं निदान मागच्या बाजूला लिहिता येतं. पडद्याला मागची बाजू नाही. तेव्हा उरलेलं इथं लिहितो. ॲपचं नाव मात्र विचारू नका. खातेदाराचं नाव बाहेर सांगायचं नाही, ही वीस वर्षांची सवय आहे.

तर गुडघा. आम्ही कोपरीचे. कोपरी म्हणजे ठाणे पूर्व. पश्चिमेच्या ठाणेकराला ही दिशा फक्त गाडी चुकली की आठवते. पूर्वी आम्ही चाळीत तळमजल्याला राहत होतो. एका बाजूला फाळणीनंतर इकडं येऊन वसलेल्या सिंधी मंडळींपैकी एक कुटुंब, दुसऱ्या बाजूला कोळी कुटुंब, आणि मध्ये आमचं दार. दारापुढं चार हात जमीन. रोज सकाळी आई सडा घालून रांगोळी काढायची. चाळीतल्या बायका जाता-येता थांबायच्या आणि 'पंधरा ते आठ का हो?' असं विचारायच्या. मला लहानपणी वाटायचं, ही सगळी कुठल्या तरी ऑफिसची वेळ विचारताहेत. शेजारच्या सिंधी काकू आईकडून रांगोळी शिकल्या आणि आई त्यांच्याकडून पापड. व्यवहार चोख होता.

पुढं चाळ पडली, टॉवर उठला, आम्ही सातव्या मजल्यावर गेलो. आता दारापुढं दीड फूट फरशी आहे आणि तीवर चपलांचा हक्क आहे. तरी आई तिथंही काढायची. मग गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, खाली बसायचं नाही. रांगोळी बंद झाली. आई त्यावर एक शब्दही बोलली नाही. फक्त सकाळी चहा घेताना तिचा अंगठा आणि तर्जनी टेबलावर एकमेकांवर घासत राहायची. मी बँकेतला माणूस. मला वाटलं, पैसे हवेत. मी पाचशेची नोट काढून पुढं केली. आईनं नोटेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "दूधवाल्याचे झाले की रे कालच." माझी कन्या नववीत आहे. तिच्या डोक्यात मात्र प्रकाश पडला. टाळेबंदीत, २०२० साली, शाळेसाठी घेतलेला टॅब्लेट कपाटात पडून होता. तिनं त्यात चित्रांचं ॲप घातलं आणि आजीच्या पुढ्यात ठेवलं. "आजी, हे घे अंगण. बसायला नको, वाकायला नको."

इथून ॲपच्या परीक्षणाला सुरुवात होते.

ॲप उघडताच आधी कुंचल्यांची फौज येते. तैलरंगाचा कुंचला, जलरंगाचा कुंचला, खडू, कोळसा, फवारा, काळोखात चमकणारी रेघ, एवढंच काय, केसांच्या बटा काढायचा वेगळा कुंचला. आईनं पन्नासेक कुंचले शांतपणे पाहिले आणि विचारलं, "यात चिमूट कुठाय?" चिमूट नव्हती. शिरगोळ्याची पूड दोन बोटांतून सोडताना हात हळू केला तर रेघ जाड, झरकन नेला तर बारीक. एवढा एक गुण असलेला कुंचला त्यात नव्हता. शेवटी आम्ही खडू निवडला. रांगोळीवाल्या बाईला खडू देणं म्हणजे हेडकॅशियरला चिल्लर मोजायला बसवण्यासारखं आहे, पण वेळ निभावली.

निभावली असं मला वाटलं. आईनं सवयीनं अंगठा आणि तर्जनी जुळवली, पडद्यावर टेकवली आणि हात पुढं नेला. रेघ उमटली नाही. अंगणच सरकलं. तिनं बोटं जरा सैल केली तर अंगण मोठं झालं. घट्ट केली, लहान झालं. आता बोला! या ॲपवाल्यांनी दोन बोटांची चिमूट कागद लहान-मोठा करायला देऊन टाकली आहे. जगातल्या निम्म्या बायका ज्या मुद्रेत रांगोळी, मीठ आणि हळद सोडतात, ती मुद्रा परस्पर दुसऱ्याच्या खात्यात जमा! त्यावर कडी म्हणजे दोन बोटं नुसती टेकवून उचलली की शेवटची रेघ पुसली जाते. म्हणजे आई एका बोटानं कशीबशी रेघ काढी, पुढच्या रेघेसाठी सवयीची चिमूट टेकवी आणि आधीची रेघ गुप्त. पंधरा मिनिटांनी अंगण पहिल्याइतकंच कोरं होतं. आई म्हणाली, "हे तुझ्या पगारासारखं आहे रे."

मग एका बोटावर आलो. तर ते बोट पडद्याला दिसेना! याचं कारण मी नंतर समजून घेतलं. हल्लीचा पडदा दाब ओळखत नाही. त्याच्यावर विजेचं अगदी मंद क्षेत्र असतं आणि आपलं बोट वीजवाहक असल्यामुळे ते टेकलं की त्या क्षेत्रात फरक पडतो. कातडी वयानं आणि कामानं कोरडी पडलेली असली की तो फरक क्षीण होतो. पूर्वीचे काही पडदे दाबावर चालत. त्यांना नख, काडी, काहीही चाले. आता मऊ, ओलसर, तरुण बोट लागतं. आईच्या बोटांवर पन्नास वर्षांची भांडी आणि रांगोळी आहे. आमच्या काउंटरवरही म्हाताऱ्या माणसांचे अंगठे यंत्रावर उमटत नाहीत, तेव्हा आम्ही 'पुन्हा लावा, जोरात दाबा' असं ओरडतो. जोराचा काही संबंध नसतो, हे मला आईमुळं कळलं. उपाय मात्र बँकेतूनच आला. नोटा मोजताना बोट ओलं करायला आम्ही स्पंजाची डबी ठेवतो. तसली एक आणून मी टॅब्लेटशेजारी ठेवली. आई बोट स्पंजाला लावून ठिपका देऊ लागली. ठिपका उमटला! बाजूला उभी राहून आमची सौभाग्यवती म्हणाली, "इतक्या वर्षांत तुमच्या नोकरीचा घराला झालेला हा पहिला उपयोग."

आता ठिपक्यांची मांडणी. ॲपमध्ये आखणीची सोय होती, पण ती चौकटींची. चौकटींच्या वहीत सात ओळी सात ठिपके, म्हणजे एकोणपन्नास. आम्हाला हवेत सदतीस, आणि तेही फटीसमोर फट साधून. तिरकी आखणी काही मोठ्या ॲपांत असते म्हणे, आमच्यात नव्हती. आईच्या लहानपणी वर्तमानपत्राच्या घडीला उदबत्तीनं भोकं पाडून ठिपक्यांचा कागद करीत. जमिनीवर पसरायचा, वरून रांगोळी फिरवायची, कागद उचलला की सगळे ठिपके जागच्या जागी. एक जुनं वर्तमानपत्र आणि एक उदबत्ती यांत जे काम होत होतं, ते पन्नास कुंचल्यांच्या ॲपला होईना.

त्याऐवजी त्यानं आरसा देऊ केला. एक पाकळी काढा, आठ पाकळ्या आपोआप उमटतात. कन्येनं उत्साहानं करून दाखवलं. आईनं एक पाकळी काढली, चहूबाजूंनी कमळ उमललं. आई थोडा वेळ पाहत राहिली आणि तिनं विचारलं, "मग उरलेल्या सात पाकळ्यांचं मी काय करायचं?" या प्रश्नाला ॲपच्या मदतकेंद्रात उत्तर नाही.

भाषेबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत. ॲप मराठीत करता येतं, आणि केल्यावर पस्तावता येतं. 'अपारदर्शकता' हा शब्द पाहून आईनं चष्मा पुसला. चित्रावर दुसरं चित्र ठेवायच्या पारदर्शक पत्र्याला त्यांनी 'थर' म्हटलं आहे. ठाण्यात दहीहंडीच्या गावी 'नवीन थर लावा' असं वाचलं की माणूस आधी मान वर करून पाहतो.

हे सारं झाल्यावर मला वाटलं, बिचाऱ्या ॲपवर फार रागवायला नको, ते नवं असेल. चौकशी केली तर हा धंदा चांगला साठी उलटलेला निघाला! १९६३ साली अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये आयव्हन सदरलंड नावाच्या विद्यार्थ्यानं 'स्केचपॅड' केलं. संगणकाच्या पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीनं चित्र काढायचं. त्याची खुबी अशी होती की तुम्ही रेघा कशाही ओढा, त्या समांतर हव्यात की काटकोनात हे सांगा, यंत्र त्यांना बरोबर करून देई. अभियंत्यांसाठी हे वरदानच होतं. पूल वाकडा झालेला कोणाला आवडेल? पुढं १९८५ साली विंडोजबरोबर 'पेंट' आलं. त्यात आमच्या पिढीनं डोंगरांमधून उगवणारा सूर्य माऊसनं काढला आणि तो नेहमी बटाट्यासारखा आला. २०१० साली आयपॅड आला आणि डेव्हिड हॉकनीसारखा सत्तरी ओलांडलेला इंग्रज चित्रकार त्यावर बोटानं फुलं आणि झाडं काढू लागला. म्हणजे दोष वयाचा नाही आणि बोटाचाही नाही. पण त्या पहिल्या विद्यार्थ्याच्या वेळची एक समजूत ॲपांच्या हाडात राहून गेली आहे. काढणारा हात चुकतो आणि यंत्रानं त्याला सुधारायचं असतं, ही ती समजूत.

ती समजूत आमच्या घरात एका संध्याकाळी उघडी पडली. आईचा हात थरथरतो. ठिपक्याला चालतं, रेघेला कळतं. कन्येनं शोधून एक बटण काढलं. त्याचं नाव 'स्थिरता'. ते शंभरावर नेलं की कापणाऱ्या हाताची रेघ यंत्र मागून येऊन इस्त्री करतं. आईनं शंख काढला. पडद्यावर जी रेघ आली ती रुंदीकरणानंतरच्या कोपरी पुलासारखी होती, सरळ, गुळगुळीत, कुठं धक्का नाही. आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. आईनं शंखाकडं नीट पाहिलं.

"छान आहे," ती म्हणाली. "कुणी काढला?"

टाळ्या थांबल्या. मला एकदम आमच्या काउंटरवरचे एक पेन्शनर आठवले. शाळामास्तर होते. बँकेत त्यांच्या सहीचा नमुना वीस वर्षांपूर्वीचा, वळणदार, बोरूनं काढल्यासारखा. चेकवरची सही थरथरलेली. मी चेक परत केला, 'सही जुळत नाही.' त्यांनी माझ्यासमोर तीनदा सही केली. तिन्ही वेगळ्या आल्या. नियमाप्रमाणं मी बरोबर होतो. नंतर फॉर्म भरून नवा नमुना घेतला, साक्षीदार घेतले, सगळं रीतसर झालं. पण त्या दिवशी मास्तर स्वतःच्या उजव्या हाताकडं असे पाहत होते, जणू तो हात दुसऱ्या कोणाचा तरी आहे. ॲपनं आईला तेच सांगितलं होतं, फक्त गोड शब्दांत. मी म्हणालो होतो, ही सही तुमची नाही. ॲप म्हणत होतं, राहू दे, तुमची सही मीच करतो. यातला कुठला अपमान मोठा, याचा ताळा मला अजून लागलेला नाही.

आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या गंजाडला जिव्या सोमा मशे राहत होते. बांबूची काडी तांदळाच्या पिठीत बुडवून त्यांनी वारली चित्रं काढली, देशोदेशी गेली, २०११ साली सरकारनं पद्मश्री दिली. त्यांच्या रेघा पाहाव्यात. एकही पट्टीनं ओढल्यासारखी नाही, आणि म्हणूनच ती माणसं नाचताना दिसतात. त्यांच्या काडीला कोणी 'स्थिरता शंभर' लावली असती, तर तारप्याभोवतीचा तो सारा नाच कवायत झाला असता.

आम्ही बटण शून्यावर आणलं. शंख पुन्हा काढला. तो कडेला कापला, पण आईचा होता.

मग चैत्र आला. चैत्रगौर बसते त्या दिवसापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत दारात चैत्रांगण काढतात. त्यात पाळण्यातली गौर, सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्मं, तुळस, कासव, नाग, हत्ती, कोयरी, फणी, करंडा असा सगळा संसार एका चौकटीत मांडतात. कोण कोणाशेजारी, आधी काय, मग काय, हे आमच्या घरात फक्त आईला ठाऊक. मी पंचेचाळीस चैत्र पाहिले आणि मला त्यातला हत्ती तेवढा ओळखता येतो. आईनं स्पंजाला बोट लावलं आणि दोन तास टॅब्लेटवर बसली. चित्र पुरं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं विचारलं, "हे पुसायचं कुठं?"

"आजी, पुसायचं नाही, साठवायचं," कन्या म्हणाली.

"कालचं अंगण आज कशाला? शिळं."

ॲपनं विचारलं, 'हे चित्र नष्ट करायचे? ही कृती मागे घेता येणार नाही.' आईनं क्षणाचाही विचार न करता 'होय' दाबलं. पन्नास वर्षं रोज सकाळी ती हेच करत आली होती, त्याची धमकी तिला काय वाटणार? मी मात्र आदल्या रात्रीच गुपचूप एक प्रत काढून ठेवली होती. बँकेतला माणूस दिवसाचा हिशेब दुसरीकडं उतरवल्याशिवाय झोपत नाही.

ती प्रत उघडताना त्या ॲपमधली एकमेव चांगली गोष्ट सापडली. तीन आडव्या रेघा, त्याखाली 'इतर', त्याखाली 'अधिक', आणि त्याच्याही तळाशी 'पुन्हा पाहा'. ते दाबलं आणि कोऱ्या पडद्यावर आईचं चैत्रांगण पहिल्या रेघेपासून आपोआप उमटू लागलं. आधी चौकट. मग मधोमध गौर. मग वर सूर्य आणि चंद्र. कासव जरा चुकलं होतं. ते पुसलं, पुन्हा काढलं. कोणता जीव कोणानंतर येतो, ते सगळं त्यात होतं. तक्रार एवढीच की दोन तासांचं काम त्यानं अर्ध्या मिनिटात उरकलं. मधे आई थांबली होती, विचार करत होती, ते थांबणंही गाळून टाकलं. ॲपवाल्यांना माझी सर्वांत मोठी सूचना हीच. तुमचे पन्नास कुंचले वीस करा, पण हा हात ज्या गतीनं चालला त्या गतीनं पुन्हा दाखवा, आणि ते बटण तळघरातून ओसरीवर आणा. बाकी मागण्या किरकोळ आहेत. तिरके ठिपके द्या, चिमटीला तिचा हक्क परत करा, कोरड्या बोटालाही माणसाचंच बोट समजा, आणि 'स्थिरता' कोणी मागितल्याशिवाय देऊ नका.

पुढच्या रविवारी सकाळी मी भाजी घेऊन वर आलो तर दारातल्या चपला गायब. दीड फूट फरशीवर कन्या मांडी घालून बसलेली, शेजारी टॅब्लेट भिंतीला टेकलेला, त्यात अर्ध्या मिनिटाची आई पुन्हा पुन्हा धावत होती. आणि खरी आई उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून बसली होती. "कासवाचं शेपूट लहान कर," ती सांगत होती. "त्या यंत्रात माझंच चुकलंय." कन्येची रेघ थरथरत होती. तिला सवय नव्हती म्हणून. आजीची थरथरते ती वयानं. दोघींच्या रेघा शेजारी ठेवल्या तर मला वीस वर्षांच्या अनुभवानंही सही कोणाची ते सांगता आलं नसतं. मी भाजीची पिशवी धरून जिन्यातच थांबलो. आत जायला जागा नव्हती, आणि खरं म्हणजे घाईही नव्हती.

तेवढ्यात टॅब्लेटवर ॲपनं पुन्हा चौकट आणली, 'आपल्याला हे ॲप कसे वाटले?' खाली एका ओळीत पाच चांदण्या. कन्येचे हात रांगोळीनं भरलेले, म्हणून तिनं टॅब्लेट आजीकडं सरकवला. आईनं चष्मा वर केला, चांदण्या मोजल्या.

"पाचच? आणि एकाच ओळीत?" ती म्हणाली. "मधल्या ओळीत सात तरी घाला म्हणावं."